स्कीइंगच्या फिल्मला गोष्ट लागते का? (मे महिन्यातल्या खेळासाठी निवड करायची आहे)

तापीकाठ

मंडळी, मे महिन्यात जळगावात अंगणात पडदा लावून दोन संध्याकाळी स्कीइंगच्या फिल्म दाखवायचं घाटतंय. बाहेर पारा ४४ वर आणि पडद्यावर बर्फ, एवढा मोह पुरेसा आहे. प्रेक्षक दीडेकशे: कॉलेजची पोरं, सातपुड्यात नि सह्याद्रीत भटकणारी मंडळी आणि आसपासची कुटुंबं. यातल्या बहुतेकांनी बर्फ पाहिलाय तो रसवंतीवर.

निवड समितीत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, सरळ उड्या आणि घसरणी दाखवा, संगीत दणक्यात ठेवा, गोष्टबिष्ट नको. दुसरा म्हणतो, गोष्ट नसेल तर पंधराव्या मिनिटाला अर्धी जनता भेळभत्ता घ्यायला उठेल.

मतं कारणांसकट हवीत. नुसतं 'मला आवडतं' चालणार नाही.

---

कट_टू_कट

आधी 'गोष्ट नसलेली' फिल्म कशी बांधतात ते बघू, म्हणजे भांडण नेमकं कशावर आहे ते कळेल.

अमेरिकेतल्या कंपन्या हिवाळा तोंडावर आला की वर्षाची फिल्म काढतात. लांबी तास-सव्वा तास. आत तीन ते पाच मिनिटांचे दहा-पंधरा तुकडे. एका तुकड्याला एक जागा किंवा एक स्कीअर, आणि एक गाणं. शॉट दोन ते चार सेकंदांचे. सगळ्यात भारी तुकडा शेवटी, त्याच्या खालोखालचा सुरुवातीला. मधे हेलिकॉप्टर, थोडी मस्करी, आणि आपटण्याचे शॉट एकत्र करून एक पट्टी. आपल्याकडे तमाशाचे फड पाहिलेल्यांना हा बाज ओळखीचा वाटेल: गण आहे, गवळण आहे, रंगबाजी आहे, वग तेवढा नाही.

अडचण कुठे येते? प्रत्येक तुकडा शिखरावरच सुरू होतो आणि शिखरावरच संपतो. पहिल्या तुकड्यात तोंडाचा आ होतो, तिसऱ्यात मिटतो, सहाव्यात मोबाइल निघतो. स्की करणाऱ्या प्रेक्षकाचं असं होत नाही, कारण त्याला दोन उतारांतला फरक नुसत्या नजरेनं कळतो. ज्याला तो कळत नाही त्याच्यासाठी सगळं पांढरं.

---

शेवभाजी

माले ते बठ्ठं एकसारखंच दिखस! एक माणूस वरून खाली येतो, धुरळा उडतो, खाली आला की दोघे टाळी देतात. परत दुसरा वरून खाली.

---

चोपड्याची_लेक

शेवभाजी भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण त्यात दोष तुमचा नाही आणि स्कीअरचाही नाही. फिल्मनं चार गोष्टी सांगायच्या राहून जातात, त्यामुळे असं होतं.

पहिली, उताराचा कोन. रुंद लेन्स उतार सपाट करते. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून ४५ अंशांची भिंतसुद्धा गावच्या टेकडीसारखी दिसते. तोच उतार समोरच्या डोंगरावरून लांब लेन्सनं टिपला तर छाती दडपते. म्हणून चांगली फिल्म आधी समोरून पूर्ण उतार दाखवते आणि मग कॅमेरा माणसाच्या डोक्यावर नेते. चौकटीत एखादं झाड किंवा उभा माणूस असला की डोळ्याला उभं-आडवं कळतं. (काही जण कॅमेराच तिरका धरून खोटा चढ तयार करतात. झाडं सरळ आहेत का बघायचं, चोरी लगेच सापडते.)

दुसरी, बर्फाची जात. भुसभुशीत ताजा बर्फ पडणाऱ्याला झेलतो. वाऱ्यानं दाबलेला घट्ट थर, म्हणजे फळी, मात्र एका तुकड्यात सुटून अख्खा उतार खाली आणू शकते. अशी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे नेमकं जिथे स्की करायला मजा येते तिथेच. पडद्यावर दोन्ही बर्फ पांढरेच.

तिसरी, सोबत वाहणारा बर्फ. अगदी उभ्या उतारावर प्रत्येक वळणाला वरचा सुटा थर निसटतो आणि स्कीअरच्या मागोमाग धावतो. तो त्याला गाठून पायाखालून ओढू शकतो. म्हणून मधेच स्कीअर तिरका कापत बाजूच्या सोंडेवर जातो आणि लोंढा पुढे जाऊ देतो. माहीत नसलेल्याला वाटतं, हा का थांबला? माहीत असलेल्याचा जीव तिथेच टांगणीला लागलेला असतो.

चौथी, पडला तर काय. खाली मोकळं पठार आहे की कडा, हे प्रेक्षकाला आधी ठाऊक हवं.

या चार गोष्टी कळल्या की ती गोष्टच झाली. वेगळं कथानक शोधायला नको. नायक कोण, त्याला कुठे जायचंय, आडवं काय येतंय, हे सगळं उतारावरच लिहिलेलं असतं, फक्त वाचून दाखवायला कुणीतरी लागतं.

---

बर्फाळ_भाऊ

याला माझा विरोध आहे. माहिती म्हणजे गोष्ट नाही, आणि माहिती ओतली की फिल्मचं व्याख्यान होतं.

२०११ साली शेरपास सिनेमा या कंपनीच्या फिल्ममध्ये जे. पी. ऑक्लेअर या स्कीअरचा एक तुकडा आला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या साध्या गावांतून तो स्कीवरून जातो: घरांच्या मधून, जिन्यांवरून, कठड्यांवरून, रस्ते ओलांडत. बोलणं शून्य, पाटी शून्य, कोन-बिन काही नाही. तरी बर्फाचा गंध नसलेला माणूसही तो शेवटपर्यंत बघतो. कँडिड तोव्हेक्स या फ्रेंच स्कीअरच्या हेल्मेट-कॅमेऱ्याच्या धावांचं तेच. त्या इंटरनेटवर जगभर फिरल्या त्या गोष्टीमुळे नाही.

माझ्या मते निकष एकच: धाव तोडू नका. वरून खालीपर्यंत एक उतार अखंड दाखवा. आजच्या फिल्मा कंटाळवाण्या होतात त्या दोन सेकंदांच्या कापाकापीमुळे. दहा उतारांचे उत्तम भाग जोडले की एकही उतार शिल्लक राहत नाही.

---

चोपड्याची_लेक

> दहा उतारांचे उत्तम भाग जोडले की एकही उतार शिल्लक राहत नाही

हे शंभर टक्के मान्य. पण भाऊ, ऑक्लेअरच्या तुकड्यात गाव आहे म्हणून तो चालतो. जिना, कठडा, भिंत यांची उंची तुम्हा-आम्हाला अंगानं माहीत असते. त्यावरून पडलं तर काय मोडेल, हेही ठाऊक असतं. तिथे माहिती द्यावी लागली नाही, कारण ती आपल्याकडे आधीपासून होती. तोच माणूस अलास्काच्या धारेवर उभा केला की हा आधार गेला.

---

बर्फाळ_भाऊ

हा मुद्दा आवडला नाही, पण खोडताही येत नाहीये.

---

मास्तर_अमळनेर

हा वाद नवा नाही हो, शंभरेक वर्षांचा आहे.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे आर्नोल्ड फांक हे मुळात भूगर्भशास्त्राचे अभ्यासक. १९२० साली त्यांनी स्कीच्या करामतीवर जी फिल्म काढली ती शिकवण्याच्या आणि दाखवण्याच्या अंगानं होती. १९३१ पर्यंत मात्र ते गोष्टीकडे वळले होते. त्या वर्षीच्या त्यांच्या विनोदी फिल्ममध्ये हॅम्बुर्गहून आलेले दोन सुतार ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गच्या बर्फात धडपडत स्की शिकतात, आणि शेवटी डोंगरभर स्कीवरून 'कोल्ह्याची शिकार' होते: पुढे पळणारे स्कीअर, मागे अख्खी टोळी. सोबत आहेत हानेस श्नायडर, म्हणजे स्की शिकवण्याची आर्लबर्ग पद्धत बसवणारा माणूस.

कथानक म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल एवढं. पण चलाखी बघा: सुतारांना काही येत नाही, म्हणून प्रेक्षक त्यांच्याबरोबर शिकतो. वळायचं कसं, थांबायचं कसं, पडल्यावर उठायचं कसं, हे हसत हसत कळतं. शिकारीचा भाग येईपर्यंत प्रेक्षकाची नजर तयार झालेली असते. गंमत म्हणजे धडपडणाऱ्या त्या दोघांपैकी गुस्ताव लांचनर यानं पुढे १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचं रौप्यपदक मिळवलं. इतकं नेमकं पडायला तेवढं यावंच लागतं.

दुसरी परंपरा अमेरिकेची. वॉरन मिलरनं १९५० मध्ये पहिली मोठी फिल्म काढली आणि गावोगाव फिरून पडद्याशेजारी उभं राहून स्वतः बोलत ती दाखवली. पटकथा नव्हतीच, पण निवेदक होता. चिमटे काढत तो लोकांना डोंगर समजावून सांगायचा.

तापीकाठ, तुमच्या खेळाला मी मिलरचा मार्ग सुचवेन. फिल्म कुठलीही असो, गोष्ट बाहेरून पुरवता येते.

---

शेवभाजी

मास्तर, झकास. पण मग ज्यात खरोखर पटकथा असते, हिरो-हिरॉइन, हरवलेला बाप, 'मला माझा डोंगर सापडला' वगैरे, त्या फिल्मा एवढ्या रटाळ का होतात? त्यांत तर गोष्टच गोष्ट असते.

---

कट_टू_कट

त्याची कारणं निर्मितीतच आहेत. सविस्तर लिहितो.

स्कीअरचा चेहरा झाकलेला असतो. हेल्मेट, गॉगल, गळपट्टा. भाव दाखवायला उरतं काय, हनुवटी? म्हणून दिग्दर्शक भाव दाखवायला त्याला खोलीत बसवतो, चुलीपाशी, कॉफीच्या मगासकट. आणि तो अभिनेता नसतो. पाठ केलेलं वाक्य म्हणताना डोळे भिंतीवर जातात. डोंगरावर जो माणूस अर्ध्या सेकंदात निर्णय घेतो तो खोलीत लाकडासारखा दिसतो. प्रेक्षकाला तो तिथे आवडेनासा झाला की पुढच्या उतारावरही आवडत नाही.

दुसरं, दुसरा टेक नसतो. ताज्या बर्फावर एकदा रेघ उमटली की तो उतार त्या दिवसापुरता संपला. पटकथेत 'नायक घाबरत घाबरत उतरतो' असेल आणि तो माणूस झकास उतरला तर? हेलिकॉप्टरचं मीटर चालू असतं. मग 'घाबरणं' संवादात टाकतात, चित्र वेगळं बोलतं आणि आवाज वेगळा.

तिसरं, सातत्य. जवळचे शॉट नंतर वेगळ्या उतारावर घेतात. सावल्यांची दिशा बदललेली, बर्फाची जात बदललेली, कधी पाठीवरची पिशवीसुद्धा वेगळी. जॅकेटचा रंग प्रायोजक कंपनीनुसार बदलला की संपलंच.

चौथं, हवा. पटकथा म्हणते शिखर, आभाळ म्हणतं तंबूत बसा. ठरवलेली गोष्ट रेटायची म्हणून मग मधल्या भागात भरणा होतो: ढगांचा टाइमलॅप्स, स्लो मोशन आणि त्यावर 'डोंगर आपल्याला आपली जागा दाखवतो' छापाचं घोगरं निवेदन. हे निवेदन ऐकलं की समजावं, दोन आठवडे पाऊस पडलाय.

आणि स्लो मोशनबद्दल एक. सेकंदाला १२० फ्रेम घेऊन २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की हालचाल जवळपास पाचपट सावकाश होते. कण छान दिसतात, पण वेग गेला, आणि वेगाबरोबर धोका गेला. उडी सुटण्याआधी खऱ्या वेगात, हवेत क्षणभर सावकाश, जमिनीला टेकताना परत खऱ्या वेगात, एवढंच पुरे. आख्खा तुकडा सावकाश केला की अत्तराची जाहिरात.

---

गिरणा_पूल

म्हणजे लिहिलेली गोष्ट वाईट आणि घडलेली चांगली, असंच ना?

---

चोपड्याची_लेक

बऱ्याच अंशी. घडलेल्यातही ज्याला आधीपासून एक प्रश्न आहे ते जास्त टिकतं.

आंद्रे बार्गिएल या पोलिश गिर्यारोहकानं २२ जुलै २०१८ रोजी के-टू वरून, म्हणजे ८६११ मीटरवरून, जोडलेला ऑक्सिजन न वापरता थेट बेस कॅम्पपर्यंत स्की केलं. असं पहिल्यांदाच घडलं. त्याचा भाऊ ड्रोन उडवत होता. इथे कुणी संवाद लिहायची गरज नाही. पण फिल्म बघताना प्रेक्षकाला एकच गोष्ट कळली पाहिजे: हा सरळ एका वाटेनं खाली येत नाही, तीन-चार वेगळ्या चढाईमार्गांचे तुकडे जोडत, मधे अवघड आडवी चाल करत येतो. ते जोड कुठे आहेत हे नकाशावर एकदा दाखवलं की प्रत्येक जोडाला लोक श्वास रोखतात. नकाशा नसेल तर शेवभाजी भाऊंचं वाक्य खरं ठरतं, वरून खाली आला.

दुसरं उदाहरण कोडी टाउनसेंड या स्कीअरची २०१९ पासूनची यूट्यूब मालिका. उत्तर अमेरिकेतल्या निवडक ५० उतारांची यादी एका पुस्तकात आहे, ते सगळे उतरायचे, एवढाच धागा. आवडण्याचं कारण म्हणजे मागे फिरणंही दाखवतात. बर्फाची तपासणी करायची, पटलं नाही तर पाच तास चढून आलेल्या वाटेनं परत. ज्या फिल्ममध्ये मागे फिरण्याची शक्यता नाही तिच्यात पुढे जाण्यालाही वजन येत नाही.

आपल्या माणसाचं उदाहरण हवं असेल तर आरिफ खान. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू, गुलमर्गजवळच्या तंगमर्गचा. १३ फेब्रुवारीच्या जायंट स्लॅलमला (उतारावर रोवलेल्या खांबांच्या फाटकांतून वळत उतरायची शर्यत) भर हिमवृष्टी, समोरचं दिसेना, ढिगानं स्पर्धक फाटकं चुकवून किंवा घसरून बाद. आरिफ दोन्ही फेऱ्या पूर्ण करून ४५ वा आला. '४५ वा' हा आकडा नुसता वाचला तर काहीच नाही. आधी बाद झालेल्यांची रांग दाखवा, मग त्याची धाव दाखवा, आपोआप बाकं वाजतील. शर्यतीला घड्याळ असतं आणि फाटकं असतात, म्हणून तिला वेगळी गोष्ट लावावी लागत नाही.

---

गिरणा_पूल

विचारायचं कारण सांगतो. धुळ्याच्या चार पोरांचा गट गुलमर्गला ८ मिनिटांची फिल्म करायची म्हणतोय. कॅमेरा साधा मिररलेस, एक ॲक्शन कॅमेरा. एक मुलगी चांगली स्की करते, बाकी कॅमेऱ्यामागे. पटकथा लिहून जायचं की तसंच?

---

कट_टू_कट

पटकथा नको, प्रश्न लिहून न्या. एकच वाक्य. उदाहरणार्थ: 'गुलमर्गच्या अफरवट डोंगरातल्या ह्या नाळेतून (अरुंद घळीतून) ती न थांबता खाली येऊ शकते का?' या वाक्याला लागणारे शॉट आधी घ्यायचे, बाकीचे उरलेल्या वेळात.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी फक्त गंडोल्यातून (केबल कारमधून) आणि खालून उतार बघायचा, उतारांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक स्की पेट्रोलवाल्यांना कुठला भाग उघडा आहे ते विचारायचं, आणि समोरून लांब लेन्सनं पूर्ण उताराचा एक स्थिर शॉट घ्यायचा. हा शॉट म्हणजे फिल्मचा नकाशा, तो राहिला तर संकलनात रडाल. त्याच शॉटवर मुलीला बोटानं वाट दाखवायला लावा आणि तिचं बोलणं रेकॉर्ड करा: इथून शिरणार, इथे अरुंद आहे, इथे दगड वर आलेत, इथे डावीकडे सुटणार. तिच्या शब्दांत, पाठांतर नाही. दोन मिनिटं बोलली तर त्यातले वीस सेकंद वापराल. अहिराणीत बोलत असेल तर बोलू द्या.

मग धाव. दोन कॅमेरे पुरतात: एक समोर तिपाईवर, एक तिच्या छातीवर किंवा हेल्मेटवर. तिपाईवाला कॅमेरा तिच्या उताराच्या खाली कधीच नको, बाजूच्या सोंडेवर. एका वेळी एकच माणूस उतारावर. सगळ्यांकडे बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारा ट्रान्सीव्हर (४५७ किलोहर्ट्झवाला), लांब काठी आणि फावडं, आणि ते वापरायचा सराव. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर आशा, पुढे ती झपाट्यानं घटते. बाहेरून मदत एवढ्यात येत नसते.

पहिली तीन मिनिटं बोलणं-तयारी, मधे धाव अखंड, शेवटी तिचा श्वास. संगीत धावेच्या आधी थांबवा.

---

गिरणा_पूल

एक्स्पोजरचं काय? मागच्या वर्षी कुणाचं तरी फुटेज पाहिलं, बर्फ सिमेंटसारखा राखाडी.

---

कट_टू_कट

मीटर पांढऱ्याला राखाडी समजतं म्हणून. मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर ठेवा आणि झेब्रा, म्हणजे फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय, ९५ वर लावून बघा: उन्हातल्या बर्फाच्या अगदी थोड्या भागावर पट्टे दिसले पाहिजेत, सगळ्यावर दिसले तर पोत गेला.

शटर २५ फ्रेमला १/५०. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ ५.६ ठेवायचं तर पाचेक स्टॉप कापावे लागतात, म्हणजे एनडी ३२ (लेन्ससमोर लावायची उजेड कमी करणारी काच). लॉगमध्ये (रंग नंतर सुधारण्यासाठी फिकट चित्र टिपणारा मोड) बेस आयएसओ ८०० असेल तर आणखी तीन स्टॉप. एनडी विसरून शटर १/२००० वर नेलं की हालचाल खडखडते आणि उडणारा बर्फ वाळूसारखा दिसतो.

वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची. उन्ह तिरकं असेल तरच बर्फाचा पोत उठतो. ढगाळ सपाट उजेडात स्कीअरलाही खड्डे दिसत नाहीत आणि कॅमेऱ्यालाही. त्या दिवशी झाडांमधे शूट करा, खोडांमुळे अंतर कळतं.

बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. संध्याकाळी गरम खोलीत शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ जाते. ड्रोनचा विचार असेल तर परवानगी आधी, त्या भागात हा विषय नाजूक आहे. सरळ टाळा.

---

रावेरची_केळी

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही. अर्धा किलोमीटरवरून लांब लेन्सनं घेतलेल्या शॉटला आवाज नसतोच, माइकवर फक्त वारा. फिल्ममध्ये ऐकू येणारी स्कीची सळसळ आणि पावलांची करकर नंतर चढवलेली असते. मुलीच्या बुटाजवळ केसाळ वारारोधक घातलेला छोटा रेकॉर्डर बांधा आणि साध्या उतारावर तीन प्रकारची वळणं वेगळी रेकॉर्ड करून आणा: ताज्या बर्फावर, घट्ट बर्फावर, आणि ब्रेक मारल्याची.

पावलांचा आवाज राहिला तर धुळ्यात बसून करता येतो. किराणा दुकानातलं कॉर्नफ्लोअर अर्धा किलो, जाड सुती पिशवीत घट्ट बांधायचं आणि माइकपासून वीतभर अंतरावर मुठीनं दाबायचं. करकर हुबेहूब बर्फाची. फिल्मसाठी असे आवाज हातानं बनवणारे (फॉलीवाले) हेच वापरतात. पिशवी कोरडी हवी, जुलैत करायला गेलात तर गोळे होतील आणि आवाज मरेल.

गोष्टीशी संबंध असा, की उभ्या उतारावर ताज्या बर्फाची मऊ सळसळ चालू असताना एकदम कडक खरखर ऐकू आली, तर बर्फ बदलल्याचं प्रेक्षकाला न सांगता कळतं. चोपड्याच्या ताईंच्या चारपैकी एक काम आवाज करतो.

---

बर्फाळ_भाऊ

हे मला पटलं. माहिती अशी आत मुरवली तर व्याख्यान होत नाही.

तरी तापीकाठ, दोन्ही संध्याकाळ गोष्टीवाल्याच फिल्मा लावू नका. लोकांची नजर तयार झाल्यावर एक तुकडा तरी निव्वळ लावा, एक शब्द न बोलता. नाहीतर ते डोंगर बघायला आले आणि माणसांच्या अडचणी ऐकून गेले असं व्हायचं.

---

तापीकाठ

मग क्रम असा करतोय. पहिली संध्याकाळ: अर्ध्या तासाची एक मोहीम, ज्यात मागे फिरणं आहे, मग मधल्या सुट्टीनंतर शर्यतीवरचं काहीतरी. दुसरी संध्याकाळ: गावातल्या स्कीइंगसारखा छोटा तुकडा सुरुवातीला, मग मोठी मोहीम, आणि शेवटी निव्वळ घसरण वीस मिनिटं, निवेदन बंद. सुरुवातीला मास्तर म्हणतात तसं जिवंत निवेदन, मराठीत, मधेमधे अहिराणी. मास्तर, माइक तुमच्याकडेच देणार आहे, आताच सांगून ठेवतो.

---

मास्तर_अमळनेर

घेतो. पण अटी आहेत. धाव चालू असताना मी बोलणार नाही, फक्त चढाई, तंबू, हेलिकॉप्टर अशा मोकळ्या जागी. वीस सेकंदांच्या जागेत चाळीसेक शब्द बसतात, त्याहून जास्त लिहिलं की घाई होते आणि लोकांचं चित्रावरून लक्ष उडतं. म्हणून फिल्म आठवडाभर आधी हवी, मिनिट-सेकंद मांडून मजकूर लिहीन. ध्वनिवाल्याला सांगा, मी बोलताना फिल्मचा आवाज १२ डेसिबल खाली आणायचा, पूर्ण बंद नाही. आणि पहिल्याच पाच मिनिटांत तीनच शब्द समजावून सांगेन: नाळ, सुटा बर्फ, फळी. भटकणाऱ्यांना नाळ माहीतच आहे, तेवढं सोपं.

---

रावेरची_केळी

परवानगीचं बघितलंत का? घरी पैसे भरून बघता येणारी फिल्म अंगणात दीडशे लोकांना दाखवायला चालत नाही, तिकीट नसलं तरी. निर्मात्याला मेल टाकायची: तारीख, प्रेक्षकसंख्या, तिकीट आहे की नाही, निवेदन वरून होणार आहे. निवेदनाचा उल्लेख आवर्जून करा, काहींना त्यांच्या आवाजावर दुसरा आवाज चालत नाही.

---

तापीकाठ

मेल आजच टाकतो. आता प्रोजेक्टर. संस्थेचा ३५०० ल्युमेनचा आहे, दिवाळीत चाचणी केली तेव्हा बर्फ म्हणजे नुसता पांढरा कागद दिसत होता. लोकांना वाटेल पडदा रिकामाच आहे.

---

कट_टू_कट

तो 'डायनॅमिक' किंवा 'ब्राइट' मोडवर असणार. 'सिनेमा' मोडवर टाका आणि उन्हातल्या बर्फाची एक चौकट थांबवून कॉन्ट्रास्ट एकेक पायरी खाली आणा. स्कीच्या रेघांच्या कडा दिसायला लागल्या की थांबा. उजेड थोडा कमी होईल, तो सोसा. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण आभाळ काळं व्हायला वेळ लागतो, आठच्या आत सुरू करू नका. अंगणातला हॅलोजन बंद, आणि भेळभत्त्याची गाडी पडद्याच्या मागच्या अंगाला.

दुसरं, उष्णता. बऱ्याच प्रोजेक्टरांची मर्यादा भोवतालच्या ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच असते आणि मेमध्ये जळगावात रात्री आठलाही हवा तिच्या जवळपास असते. चारी बाजूंनी फूटभर मोकळं ठेवा, टेबलावर कापड नको, आत हवा घेणारी जाळी त्याच दुपारी काढून ब्रशनं साफ करा, धुळीनं बुजलेली असणारच. टेबल फॅन प्रोजेक्टरच्या हवा ओढणाऱ्या बाजूनं लावा, गरम हवा टाकणाऱ्या बाजूनं नाही.

आणि वीज. लाइट गेली तर दिवा गार व्हायच्या आत पंखा बंद पडतो. फक्त प्रोजेक्टरसाठी एक केव्हीएचा यूपीएस लावा, स्पीकर त्यावर नको.

---

शेवभाजी

म्हणजे बर्फाची फिल्म दाखवायला आधी मशीन गार ठेवा. 😄 खुर्च्या मी आणतो. निव्वळ घसरणीचा तुकडा किती वाजता आहे तेवढं सांगा, तेव्हा गाडीवर गर्दी नसेल.

---

बर्फाळ_भाऊ

शेवभाजी, त्याच वेळी तुम्हाला पहिल्या रांगेत बसवणार आहे. तापीकाठ, त्या वीस मिनिटांसाठी निवडताना एवढं बघा: प्रत्येक धावेआधी समोरून पूर्ण उतार निदान तीन सेकंद दिसतोय का. नसेल तर ती फिल्म बाजूला ठेवा, दुसरी मी सुचवतो.